जा, पण शेत विकून नको

हट्टा, वसमत आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलांनो, मुलींनो, आणि त्यांच्या आई-बापांनो,

निकाल लागले की पूर्वी आपल्याकडे परभणी, नांदेड, संभाजीनगर, फार तर पुणे एवढीच नावं निघायची. आता पारावरच्या गप्पांत जर्मनी, कॅनडा, दुबई, जॉर्जिया निघतात. मोबाइल उघडला की ‘शंभर टक्के नोकरी’, ‘परीक्षेशिवाय व्हिसा’ अशा जाहिराती अंगावर येतात. मुलांना बाहेर जावंसं वाटतं यात वावगं काही नाही. चार एकरांत उद्या दोन भावांचे संसार भागायचे नाहीत, हे बापाला मुलाच्या आधी कळलेलं असतं. ज्याच्या अंगात धमक आहे त्याने जरूर जावं. लेकींनीही जावं.

माझं सांगणं एवढंच आहे: जाण्याचा धोका कोणाच्या डोक्यावर राहणार, ते घर सोडण्याआधी ठरवा. तो तुमच्या शिक्षणावर, भाषेवर, शिष्यवृत्तीवर, फेडता येईल एवढ्या कर्जावर राहू द्या. बापाच्या सातबाऱ्यावर आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणावर नको.

आधी हिशोब

पहिली गोष्ट बँकेची. गावात पुष्कळांना वाटतं की शेत आहे म्हणजे कर्ज मिळेल. पीककर्ज मिळतं, शिक्षणाचं मोठं कर्ज मिळत नाही. थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा २००२ चा जो कायदा बँकांच्या हातात आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेत तारण धरत नाहीत. त्या बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव मागतात. आपल्याकडे बहुतेकांजवळ यातलं काहीच नसतं. मग दोन वाटा उरतात: एकरभर विकणं किंवा सावकाराकडे जाणं. अडचण इथेच सुरू होते, आणि एजंट ती कधीच बोलून दाखवत नाही.

हळद लावणारा माणूस कितीही अडला तरी पुढच्या वर्षीचं बेणं शिजवून मोंढ्यावर नेत नाही. शेत हे घराचं बेणं आहे. ज्या मातीच्या नावाने २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती एकदा हातची गेली की मुलाच्या डॉलरमधल्या पगारानेही परत मिळेल याची खात्री नाही.

आता कर्ज मिळालंच असं धरू. २५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज. शिक्षण एक वर्षाचं, त्यानंतर हप्ते सुरू होण्याआधी आणखी एक वर्षाची सवलत. ‘सवलत’ म्हटलं की व्याज थांबतं असं वाटतं, पण ते चालूच राहतं. दोन वर्षांत सव्वापाच लाख व्याज चढून कर्ज तीस लाखांवर जातं. पुढे दहा वर्षं फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता जवळपास ४१ हजार. तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. नाही लागली आणि मुलगा पुण्यात परत येऊन ४५ हजारांवर कामाला लागला, तर खोलीचं भाडं कशातून द्यायचं आणि खायचं काय?

म्हणून एक कसोटी लावा. परत यावं लागलं आणि इथल्या पगारावर राहावं लागलं, तरी हा हप्ता भरता येईल का? येत असेल तर पुढे चला. नसेल तर रक्कम कमी करा, देश बदला, नाहीतर दोन वर्षं थांबा.

आणि घरात वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगावी. दादाच्या व्हिसासाठी ताईचं नर्सिंग थांबणार नाही, तिचं लग्न उरकून पैसे मोकळे केले जाणार नाहीत. अशी घरं आपल्याकडे आहेत. त्यांची नावं इथे लिहायची गरज नाही, तुम्हाला ती माहीत आहेत.

दोनदा गेलेला विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकले हे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्यांनी पैशाची सोय कशी केली, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि आज आपल्या कामाचं तेच आहे.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा लेखी करार होता. तिथून १९१६ मध्ये ते लंडनला गेले, अर्थशास्त्राला आणि बॅरिस्टरीला नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. येताना त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली.

मग मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे बाजूला टाकले. छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले आणि त्याच वर्षी डी.एससी.ही मिळवली.

यातून घ्यायचं ते असं. पैसा आधी शिष्यवृत्तीचा, मग स्वतःच्या कमाईचा, आणि कमी पडला तेवढाच उसना. करार कागदावर. आणि अर्ध्यातून परत येणं ही नाचक्की नाही, पुन्हा जाण्याची वाट उघडी ठेवली म्हणजे झालं. तुमच्यातला कोणी पहिल्या खेपेला परत आला तर गावाने त्याला टोमणे मारू नयेत.

शिष्यवृत्त्या आजही आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेची सयाजीराव महाराजांच्याच नावाची योजना आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या त्यांच्या विभागांच्या योजना आहेत. उत्पन्नाची आणि वयाची अट वर्षागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. एक बाब ध्यानात ठेवा: या योजनांना विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. एजंटाने सुचवलेलं कुठलंही कॉलेज तिथे चालत नाही. म्हणजे आधी शिष्यवृत्ती बघायची, मग कॉलेज निवडायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

भाषा म्हणजे अर्धा व्हिसा

आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव. ते पंजाबात गेले, तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी पदं रचली, आणि त्यांची ६१ पदं आज गुरु ग्रंथसाहिबात आहेत. परमुलखात माणूस रुजतो तो असा. लोकांची भाषा तोंडात आली की लोक आपले होतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं त्यात आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेल्याचं जाहीर केलं. हे ऐकून पुष्कळांनी कपडे भरायला घेतले. पण सरकारांनी सही केली म्हणजे तुमच्या हातात नोकरी आली असं नाही. मध्ये भाषा आहे, तुमच्या शिक्षणाला तिकडची मान्यता आहे, मालकाचं पत्र आहे, व्हिसा आहे. यातली भाषा तेवढी पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

नर्सला तिथे कायम नोंदणी हवी असेल तर साधारण बी-२ पातळीचं जर्मन लागतं. शून्यापासून तिथवर जायला सहाशे-आठशे तासिका, म्हणजे नेटाने केलं तर वर्ष-दीड वर्ष लागतं. जो क्लास ‘तीन महिन्यांत बी-२’ सांगतो, तो खोटं सांगतो. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. गावात राहूनही सुरुवातीच्या दोन पातळ्या मोबाइलवर होतात. परीक्षा तेवढी अधिकृत केंद्रावर द्या.

जपानचं दार थोडं वेगळं आहे. २०१९ पासून तिथे ‘विशिष्ट कुशल कामगार’ नावाचा व्हिसा आहे. त्यात शेती आहे, वृद्धांची सेवा आहे. भारताशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला. त्यासाठी जपानीची एन-४ पातळी आणि कामाची परीक्षा लागते. डिग्री लागत नाही. ट्रॅक्टर, ठिबक, पॉलीहाउस यांत ज्याचा हात बसलेला आहे, अशा पोराने याचा विचार करावा. ‘शेतीला भाव नाही’ म्हणून जे काम आपण कमी लेखतो, ते काही देशांत माणसांअभावी अडलेलं आहे.

ज्यांना शिकायलाच जर्मनीला जायचं आहे, त्यांच्यासाठी एक तपशील. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं आहे. पण ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी आपला करार आहे, तेच राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहा महिन्यांच्या सत्राला १५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. ‘फुकट शिक्षण’ हा शब्द ऐकला की जेवणाखाण्याचं आणि खोलीभाड्याचं कोण देणार, हे लगेच विचारा.

एजंटाला विचारायचे प्रश्न

कामासाठी जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा. तपासायला दहा मिनिटं लागतात. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. जो दोन-तीन लाख रोख मागतो आणि पावती देत नाही, त्याच्यासमोरून उठून या. तो तुमच्या मामाचा मित्र असला तरी.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘परवानगी लागेल’ असा शिक्का असतो, आणि आखातासह अठरा देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळांना हा जाच वाटतो आणि एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जाऊ, तिथे बदलून घेऊ’ असं सुचवतो. ते करू नका. ती मंजुरी म्हणजे तुमचा पगार, काम आणि मालक सरकारी दप्तरात नोंदला जाणं. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाची अशी नोंद कुठेच नसते. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनाही मिळते: दोन वर्षांना २७५ रुपये भरून दहा लाखांचं अपघात संरक्षण. आणि अजून वेळ असेल तर दहावीची परीक्षा देऊन टाका, ही अटच उरणार नाही.

करार तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून घ्या. पगार किती, काम कोणतं, राहणं-खाणं कोणाचं, परतीचं तिकीट कोण देणार. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रती घरी ठेवून जा. अडचणीत हाक मारायला प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट क्रमांक आहे: १८०० ११ ३०९०. तो आईच्या मोबाइलमध्येही साठवून ठेवा.

थायलंडमध्ये ‘डेटा एन्ट्री’, पगार लाखभर, इंग्रजी थोडं आलं तरी चालेल, अशी ऑफर आली तर सावध व्हा. अशाच आमिषाने नेलेल्या मुलांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये कोंडलं गेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. २०२५ च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. त्याआधी फेब्रुवारीत अमेरिकेने बेकायदा शिरलेल्या १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. पंजाब-हरियाणातल्या ‘डंकी’ म्हणजे चोरट्या रस्त्याचा आपल्याशी संबंध नाही, असं आता म्हणता येत नाही.

शिक्षणासाठी नेणाऱ्या सल्लागारांचंही समजून घ्या. ‘आम्ही एक रुपया घेत नाही’ असं ते सांगतात आणि ते अनेकदा खरंही असतं, कारण कमिशन त्यांना परदेशी कॉलेज देतं. म्हणून जे कॉलेज कमिशन देतं तेच ते दाखवतात. जर्मनीची ‘डाड’ ही संस्था आणि अमेरिकेचं ‘एज्युकेशन-यूएसए’ केंद्र फुकट माहिती देतात. त्यांना ईमेल करायला लाजू नका. कॅनडाचं कॉलेज सरकारमान्य यादीत आहे का, हे त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं.

आणि नियम बदलतात. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून वीस हजारांच्या वर नेली. ब्रिटनने त्याच वर्षी बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेणं बंद केलं. चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेला, ती वाट आज तशीच असेल असं धरून चालू नका.

परदेशातलं एमबीबीएस

नीटला कमी गुण पडले की जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तानची पत्रकं घरी येतात. जाण्याआधी तीन गोष्टी ध्यानात घ्या. परत येऊन इथे डॉक्टर व्हायचं असेल तर नीट पात्रता लागतेच. २०२१ च्या नियमांनुसार शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजीतून आणि तिथल्याच वर्षभराच्या इंटर्नशिपसह हवं. आणि शेवटी भारतातली परीक्षा आहे. डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेत शंभरातले साधारण वीसच उत्तीर्ण झाले. जे पास होतात ते चांगले डॉक्टर होतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण मुलाने बारावीचं जीवशास्त्र ओढूनताणून पार केलं असेल, तर परदेशातली हवा त्यात फरक पाडणार नाही. सहा वर्षं आणि तीस-चाळीस लाख घालवून मग तेच कळण्यापेक्षा आज बी.एससी. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन यांचा विचार करा. त्यातूनही परदेशाची वाट निघते, आणि बऱ्याचदा लवकर निघते.

आजच करायची कामं

पासपोर्ट आत्ता काढा. पंधराशे रुपये लागतात, दहा वर्षं चालतो. त्याआधी नावं जुळवा. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, मार्कमेमोवर तिसरं असतं. बापाच्या नावात एक ‘राव’ जास्त असला तरी परदेशी कचेरीत फाइल अडते. हे काम निवांतपणी होतं. व्हिसाच्या तारखेआधी आठ दिवस होत नाही.

एक काम अंगात मुरवा. आयटीआयचा ट्रेड असो, नर्सिंग असो, वेल्डिंग असो, कोडिंग असो. दोन वर्षं इथेच पगारावर करा, अनुभवाचा दाखला घ्या. नुसत्या डिग्रीपेक्षा अनुभवी हाताला बाहेर किंमत जास्त आहे. आणि स्वयंपाक शिका. पोरांनी विशेषतः.

आता गावाला

तिकडे गेलेल्यांनो, दिवाळीला याल तेव्हा एक संध्याकाळ शाळेत द्या. पगार सांगाल तसं भाडंही सांगा, कर वजा होऊन हातात काय राहतं ते सांगा, थंडी आणि एकटेपणही सांगा. तुमचा बर्फातला एक फोटो दहा घरांत स्वप्न पेरतो. त्या फोटोखाली खर्चही लिहिला तर दहा घरं वाचतील.

शिक्षकांनो, शिष्यवृत्तीच्या जाहिराती नववीपासून फलकावर लावा. ग्रामपंचायतीने एक वही ठेवावी: गावातून कोण कुठे गेलं, कोणत्या एजंटामार्फत गेलं, नोंदणी क्रमांक काय. ज्याने एकाला फसवलं, तो दुसऱ्या दारात उभा राहता कामा नये. यासाठी निधी लागत नाही, ठराव पुरतो. येत्या ग्रामसभेत तो मांडा.

आई-बापांनो, मुलगा निघताना त्याला एकच वाक्य सांगा: नाही जमलं तर परत ये, घर आहे, शेत आहे. हे वाक्य खरं ठेवायचं असेल, तर ते शेत आज विकू नका.